मनगटावरचा आकडा

मनगटावरचा आकडा पन्नासवर आला आणि घड्याळ थरथरलं. नरहरनं छातीशी लटकणारा, नळीनं टाकीला जोडलेला जुना दाबाचा काटा हातात घेतला. काटा एकशे वीस दाखवत होता.

बरगीच्या जलाशयात, धरणाच्या दरवाजापाशी, अठरा मीटर खाली पाणी गढूळ होतं. हाताच्या अंतरावर प्रणाली दोर धरून खाचेतला गाळ काढत होती. पाण्याखालच्या कामात तिचं हे दुसरं वर्ष, नरहरचं सव्विसावं. दोघांच्याही उपकरणाला, टाकीच्या तोंडाशी, अंगठ्याएवढा ट्रान्समीटर होता. टाकीतला हवेचा दाब मोजून तो बिनतारी लहरींनी मनगटावरच्या घड्याळाला कळवायचा. प्रत्येक घड्याळ आपल्या जोडीच्या ट्रान्समीटरचंच ऐकतं. त्यामुळे नळी नको, काटा नको. नरहर मात्र दोन्ही अजून बाळगायचा. “काका लँडलाइन घेऊन उतरून राहिले,” प्रणाली सकाळीच नावेत म्हणाली होती.

आता दोन आकडे जुळत नव्हते. घड्याळ बिघडलं म्हणावं, तर आकडा एकेक करत नीट उतरत होता. कोणाची तरी टाकी संपत होती. नरहरनं प्रणालीकडे पाहिलं. तिचे बुडबुडे भराभर वर जात होते.

त्यानं अंगठा वर केला. वर चल. तिनं मनगट त्याच्यासमोर धरलं. एकशे वीस. अजून बरंच काम होईल. त्यानं मान हलवली, तिचा पट्टा पकडला आणि दोरानं वर निघाला. पाच मीटरवर दोघं नियमाप्रमाणे तीन मिनिटं थांबली. प्रणाली रागानं बघत राहिली. नरहरनं आपली श्वास घ्यायची जादा नळी तिच्या तोंडाजवळ तयार धरली होती.

नावेत चढताच तिनं मास्क काढला. “काय झालं काका? खाच अर्धी राहिली ना! माझी हवा आहे अजून.”

“मनगट दाखव.”

दोघांची मनगटं शेजारी धरून नरहरनं तिच्या टाकीच्या नळीचं बटण दाबलं. हवा फसफसत बाहेर पडली. तिच्या मनगटावर एकशे पाच होते, ते तसेच राहिले. नरहरच्या मनगटावर तीस. सत्तावीस. चोवीस.

प्रणाली खाली बसली.

“क्या हुआ दीदी?” नावाडी नथ्थूनं विचारलं.

“काल दसऱ्याची पूजा झाली ना,” ती म्हणाली. “कुंकू पुसायला मीच दोन्ही ट्रान्समीटर खोलले होते. सारखेच दिसतात. परत लावताना तुमचा माझ्या टाकीला, माझा तुमच्या टाकीला लावला मी.”

“आणि उतरताना दोन्ही टाक्या दोनशेवर. कळणार कसं?” नरहर म्हणाला. “बटण दाबून मीपण पाहिलं नाही.”

“मी तर अजून वीस मिनिटं तिथंच राहिली असती.”

“हो.”

“काका, रागवा तरी.”

“काहून रागवू? माझं घड्याळ खरंच सांगत होतं. तुझ्या टाकीचं सांगत होतं, एवढंच.”

ती पाया पडायला वाकली. नाव एका बाजूला कलली. “अगं, बस खाली! आत्ताच वर आणलं तुला,” नरहर ओरडला. नथ्थू हसला. प्रणालीही हसली. तिनं पिशवीतून फोन काढून अधारतालला घरी आईला लावला.

“बोल. काय करून राहिली?” आईनं विचारलं. मागे कुकरची शिट्टी झाली.

“श्वास घेऊन राहिली, आई.”

“ते तर मीपण घेऊन राहिली. जेवायला येतेस का, ते सांग.”

“येते,” प्रणाली म्हणाली.