एका डब्यातले रोट

सुगंधाबाईनं दळणाचा डबा ओट्यावर ठेवला, झाकण काढलं, आणि कडेवरच्या लेकीचा हात पिठात जायच्या आत धरला.

"बाकीना दोन डबा कथा शेतस?" भिकुबाईनं विचारलं.

"एकच आहे, आक्का. तिघींच्या पुरचुंड्या एकातच ओतल्या. गिरणीवर ही गर्दी! आणि गहूच तर होते."

पाट्यावर पुरण वाटणारी तानुबाई थांबली. बेबाबाई गिलकी चिरत होती, तिनं मान आणखी खाली घातली.

"गहू नव्हतात वं त्या," भिकुबाई म्हणाली. "रोट व्हतात."

सुगंधाबाई नगरकडची. या तिघी राहत त्या धुळ्याच्या वृद्धाश्रमात कामाला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. श्रावणातल्या या रविवारी गावात घरोघर कानबाई देवी बसते, एवढंच तिला ठाऊक. मग तानुबाईनंच तिला समजावलं. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा सव्वा मूठ गहू काढायचे. त्यांच्या पोळ्या म्हणजे रोट. ज्या कुळाचे, त्या कुळानंच खायचे. सासरी गेलेल्या पोटच्या पोरीलासुद्धा तुकडा नाही.

"आणि मिसळले तर?"

"मिसळतस ना. भाऊबंदना मिसळतस," तानुबाई म्हणाली. "आम्हनं तिघीसनं कुळ येगळं येगळं."

भिकुबाई डब्यातल्या पिठाकडे बघत होती. तिचे तिन्ही मुलगे सुरतेला. धाकट्याला उन्हाळ्यात मुलगा झाल्याचा निरोप आला होता. नाव काय ठेवलं ते निरोप आणणाऱ्याला सांगता आलं नव्हतं. सकाळी मूठ काढताना तिनं नुसतं "धाकलाना पोऱ्या" म्हटलं होतं. इथं बसून त्यांच्यासाठी करण्यासारखं तिच्या हातात एवढंच उरलं होतं.

"मना पोऱ्यासवर काही संकट उनं तं?" ती हळूच म्हणाली.

"तुनी कानबाई रागावनी तं मनी कानबाई तिले समजाडी," तानुबाई म्हणाली. "बहिनी बहिनी त्या."

एरवी भिकुबाई हसली असती.

"मी दुसरे गहू देते दळून," सुगंधाबाई रडकुंडीला आली. "कोठीत आहेत की."

"नाव लिसन काढेल मूठ परत नही काढता येस, माय." भिकुबाईचा आवाज मात्र रागाचा नव्हता. "आम्हना घर बठ्ठ्या भाऊबंदन्या बाया एक जातावर बसेत. गाना म्हनेत. पहिलं वरीस मनं, नवी नवरी मी. सासूनी मना हात धरा, मूठ भरी दिन्ही, नि म्हने, 'हाई तुना नवरानी.' मी लाजी गऊ. निम्मा गहू खाले सांडी गयात."

शेजारच्या घरात टीव्हीवरची रविवारची मालिका सुरू झाली. शंख वाजला. रस्त्यावरची वर्दळ एकदम थांबली, सगळे टीव्हीपुढे. लेक तेवढी चुळबुळत होती, तिला पीठ हवं होतं.

"भिकुबाई," बेबाबाई पहिल्यांदाच बोलली. "मनी मूठ कोना नावनी व्हती, इचार तं खरं."

"कोना?"

"तुना नातूना."

भिकुबाईनं तिच्याकडे पाहिलं.

"मना घर कोन शे नाव लेवाले? नवरा गया, पोऱ्या व्हयना नही. तू सकायले म्हनी, धाकलाना पोऱ्या. मी बी तेच म्हनू." बेबाबाईनं गिलक्याची चकती उगाच बोटांत फिरवली. "तुले सांगनार नव्हतू. तू रागावशी म्हनीसन."

"सव्वा टाकी का?"

"सव्वा. चांगली भरीसन."

भिकुबाईनं परात पुढं ओढली, डबा उचलला आणि सगळं पीठ एकदम उपडं केलं.

"सव्वा तुनी, सव्वा मनी. अडीच मूठ व्हई गई त्याले," ती म्हणाली. "इतकासा जीव, नि अडीच मूठ!"

तानुबाई हसली ती पाट्यावर ओणवी होऊन हसली. "पानी आन वं, सुगंधा. उभी काय ऱ्हायनी?"

दुपारपर्यंत पाटावर कानबाई बसली. नारळाला डोळे लावले, हळदीकुंकू वाहिलं. नथ कुणापाशीच नव्हती. तिघींच्याही नथी केव्हाच सुनांच्या, पुतण्यांच्या घरी राहिल्या होत्या. सुगंधाबाईनं लेकीच्या काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि नारळाच्या चेहऱ्यावर नथ काढली. जरा वाकडी आली. तानुबाई म्हणाली, राहू दे, नाकात घातलेली नथ वाकडीच दिसते.

आश्रमातल्या बाकीच्यांची वरणभाताची पंगत उठली. आरती झाली, नैवेद्य झाला. कोपऱ्यातल्या खोलीत तीन ताटं मांडली. भिकुबाईनं रोटांवर तूप सोडलं.

सुगंधाबाईनं लेकीला उचललं आणि दाराकडे निघाली.

"कथी चालनी?"

"बाहेर बसते, आक्का. परक्यानं थांबू नये ना."

भिकुबाईनं रोटाचा एक घास मोडला, फुंकर घालून निववला, आणि तसाच हातात धरून ठेवला.

"दार लाव," ती म्हणाली.

सुगंधाबाई उंबऱ्याबाहेर गेली आणि दार ओढून घेऊ लागली.

"भायेरथून नही वं," भिकुबाई म्हणाली. "मधून कडी लाव. नि पोरले दे मनाकडे."