बस वळायला जागा

रेमेतबायचा लेक फ्लॉईड तीन देशांच्या प्राध्यापकांबरोबर नवी एमएस्सी उभी करत होता. जमीन का खचते, गावं का बुडतात ते शिकवणारी. पहिल्या धड्याला तो पाहुण्यांना भुईगावच्या वाडीतलं बावखल दाखवणार होता, पावसाचं पाणी जिरवून विहीर गोड ठेवणारं पणजोबांचं तळं. बस अंगणापुढे झोकात वळली. फ्लॉईड उतरला आणि थिजलाच. तळ्याच्या जागी सपाट लाल माती होती. “आई, बावखल बुजवलंस?” “मग? एवढी बस काय माझ्या डोक्यावर वळवणार होतास?” बाय खुशीत म्हणाली. “आठ डंपर भराव लागला, बाबा!” मातीकडे बोट दाखवत तो पाहुण्यांशी बराच वेळ इंग्रजीत बोलला. बायला त्यातलं ‘माय मदर’ एवढंच कळलं. पाहुणे भराभर लिहू लागले. तिने पदर सारखा केला. “त्यांना माझं नाव पण सांग रे.”