बाबांचं डायव्हिंग कार्ड
स्कूबा डायव्हिंग शिकवणाऱ्या लेकीच्या वर्गात निवृत्त बाबांनी हौसेनं नाव घातलं. पोहण्याच्या तलावातल्या शेवटच्या चाचणीत पाण्याखाली मास्क काढून पुन्हा लावायचा होता. बाबा तिन्ही वेळा घाबरून धडपडत वर आले. "अगं, समुद्रात मास्क कशाला काढतोय मी? कर सही," ते धापा टाकत म्हणाले, "सगळ्या मित्रांना सांगून बसलोय." डायव्हिंगचा परवाना म्हणून मिळणाऱ्या कार्डाच्या अर्जावर लेकीचं पेन क्षणभर थबकलं. मग तिनं तो बाजूला सारला. "बाबा, पुढच्या महिन्यात पुन्हा या." दोन दिवस बाबा तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र वर्गाला समुद्रात नेणाऱ्या बोटीवर नुसते बसायला आले. एक नवी विद्यार्थिनी कठडा घट्ट धरून उभी होती. "काका, खाली काही झालं तर मॅडम सांभाळतील ना?" बाबांनी पाण्यात वाट पाहणाऱ्या लेकीकडे पाहिलं. "सख्ख्या बापाला नापास केलंय तिनं. जा बिनधास्त."