पिवळा दिवा

"जुनी बॅटरी नीट चार्ज केलीस ना?" ग्लायडरच्या सीटमागे डोकावत ताईने विचारलं.

"केली," तो म्हणाला. इतक्या सफाईने खोटं तो शाळा सुटल्यापासून बोलला नव्हता.

खरं तर काल दुपारी त्याने जुन्या बॅटरीला गाडीचा हेडलाइट जोडला होता आणि ती पार गळेपर्यंत समोर स्टूल टाकून बसला होता. मग तिच्यात वीसेक मिनिटांपुरता जीव भरला. तपासणीत दिवा लागावा आणि वर गेल्यावर तिने मान टाकावी, एवढाच बेत होता.

हेतू वाईट नव्हता. घरात त्याला सगळे खटपट्या म्हणत. लहानपणी रेडिओ उघडायचा, मिक्सर उघडायचा, आणि बंद करताना हमखास दोन स्क्रू उरायचे. सगळे हसायचे, ताई तेवढी त्याची बाजू घ्यायची. पुढे ती ग्लायडर उडवायला लागली आणि हा त्याच क्लबात यंत्रं दुरुस्त करायला. दोन वर्षांपूर्वी डोंगररांगेवर ढगांनी तिला गाठलं आणि नेमकी तेव्हाच बॅटरी मेली. हवा वर नेतेय की खाली ओढतेय हे सांगणारा काटा गेला, रेडिओ गेला. ताई खडकांत उतरली. तिच्या पायात सळई घालावी लागली. जिना ती अजून एकेक पायरीनेच उतरते.

तेव्हापासून खटपट्याने दुसरी कुठली खटपट केली नव्हती. त्याने राखीव बॅटरीचा डबा बनवला. मुद्दाम जुन्या बॅटरीच्याच मापाचा आणि त्याच पिनेचा, म्हणजे कुठल्याही ग्लायडरमध्ये सहज बसावा. उजव्या कप्प्यात जुनी, म्हणजे मुख्य बॅटरी, डाव्यात राखीव. उजवीकडची चालू असेतोवर समोर हिरवा दिवा. ती मेली की राखीव आपोआप सुरू आणि दिवा पिवळा. या वेळी एकही स्क्रू उरला नव्हता.

क्लबचे अध्यक्ष मात्र बधत नव्हते. "मुख्य बॅटरी दिवसभर पुरते. उगाच वजन कशाला वाहायचं?" असं त्यांचं पालुपद. आज ते स्वतः बघायला आले होते. पटलं तर अकराही ग्लायडरना डबा बसणार होता, नाहीतर विषय कायमचा बंद. आता मुख्य बॅटरी मेलीच नाही, तर त्यांना पटणार कसं? ती त्यांच्या देखत मरायला हवी होती. आणि ताईला धोका कसला? डबा होता ना!

"डब्यावर भरवसा आहे ना तुझा?" ताईने विचारलं.

"डोळे झाकून."

तिने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हरसाठी हात पुढे केला. ज्याने उडायचं त्यानेच शेवटचा स्क्रू आवळायचा, हा तिचा शिरस्ता. "जा, साहेबांना चहा दे. इथलं मी बघते."

तो परतला तेव्हा झाकण बंद झालं होतं आणि ताई पट्टे आवळून बसली होती. दोन्ही दिवे तिने लावून दाखवले. दहा वाजता ओढणाऱ्या विमानाने तिला वर नेऊन सोडलं.

"पिवळा लागला की ताई कळवेल," त्याने अध्यक्षांना छातीठोकपणे सांगितलं आणि रेडिओच्या टेबलाशी बसला.

वीस मिनिटं झाली. रेडिओवर ताई म्हणाली, "हिरवा."

पाऊण तासाने पुन्हा, "हिरवा."

त्याने पाकिटाच्या मागे पुन्हा हिशोब मांडला. चूक सापडेना. म्हातारी बॅटरी इतकी चिवट निघेल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. अध्यक्ष मिशीतल्या मिशीत हसत होते.

साडेचार तासांनी ताईचा आवाज बदलला. "ढग खाली आलेत. कडा दिसत नाही. काट्यावर विसंबून चाललेय."

दोन वर्षांपूर्वी ती याच जागी होती, हे खोलीतल्या सगळ्यांना आठवलं. अध्यक्षांनी हातातला कप खाली ठेवला. तो एकटाच पाय पसरून बसला होता.

"घाबरू नका, साहेब. हिरवा गेला तर पिवळा आहे."

वीस मिनिटं रेडिओ गप्प होता. मग ताई म्हणाली, "बाहेर आले. मैदान दिसतंय."

ती अलगद उतरली. अध्यक्ष जवळजवळ धावतच गेले, तिचा हात धरून तिला बाहेर काढलं आणि मग याच्याकडे वळले. "पाच तास, खटपटे! पिवळा एकदाही लागला नाही. आमची जुनीच पुरली की. मग तुमचा डबा हवा कशाला?"

दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती.

ताई मात्र हसत होती. तिने स्वतःच झाकणाचे स्क्रू काढले. "साहेब, नीट बघा. उजवीकडे कोण आहे?"

उजव्या कप्प्यात त्याचा डबा होता.

"तुम्हाला पटवायचं म्हणून सकाळी मीच अदलाबदल केली. पाचही तास, त्या ढगांतसुद्धा, याच्याच डब्यावर उडाले."

अध्यक्षांनी डब्यावर हात ठेवला आणि गहिवरून म्हणाले, "बसवा. अकराही ग्लायडरना बसवा!" कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्याने ग्लायडरचा पंख घट्ट धरला. "ताई, डबा बंद पडला असता तर?"

"वेडा का तू?" तिने त्याचे केस विस्कटले. "डावीकडे जुनी होती की. तूच तर चार्ज केली होतीस."