शाळेचं झाड

वंदनाबाईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं ते १९८५ साल. लग्नाची हळद नखांतून गेली नव्हती, तोच त्या सौंसरला परतल्या आणि थेट पालक संघाच्या बैठकीत जाऊन बसल्या. खो-खोच्या पोरी छिंदवाड्याच्या सामन्यांना न्यायच्या होत्या, आणि बसचं भाडं पुरं होत नव्हतं.

बाई खेळ शिकवायच्या. या शाळेत येऊन त्यांना दीडच वर्ष झालं होतं, पण इथल्या पालक संघाचं त्यांना मोठं कौतुक वाटे. सरकारातून खेळासाठी जे येई त्यात धड जाळीही येत नसे. बाकी सगळं संघ उभं करी, आणि तेही दारोदार हात न पसरता. ज्याचा संत्र्याचा बगीचा, त्यानं एक झाड शाळेच्या नावानं सोडायचं. त्या झाडाच्या बुंध्याला पोरींच्या वेणीची लाल रिबीन बांधायची. एकदा रिबीन बांधली की त्या झाडाचं फळ घरच्या लेकराच्याही हाती लागत नसे. ज्यांच्याकडे बगीचा नाही, ते फळांच्या तोड्याला येत आणि पेट्या भरत. पेट्या पांढुर्ण्याच्या स्टेशनावरून रवाना होत, आणि शाळेत कधी व्हॉलीबॉल येई, कधी बँडचा ढोल.

ही रीत पाडली मोहगावच्या भिवाजी ढोक्यांनी. माणूस अबोल. बैठक हॉलमध्ये असली तर उभाच राही, नववीच्या वर्गात असली तर खिडकीजवळच्या बाकावर बसे. संघाच्या वहीत त्याच्या नावापुढे लिहिलं होतं : मुलगी छाया, इयत्ता नववी.

त्या दिवशी बैठक नववीच्या वर्गातच होती. भाड्यावर बोलणं अडलं तेव्हा पुंडलिकराव उठले. ते मूळचे वरूडकडचे, वर्षापूर्वीच त्यांनी सौंसरला कापसाची जिनिंग टाकली होती. त्यांची पोरगी खो-खोच्या संघात खेळत होती.

"भाड्याचं काय घेऊन बसले बाप्पा? मायाच ट्रक जाऊन राहिला त्या दिवशी छिंदवाड्याले. गाठीवर गाद्या टाकू. पोरी मजेत जातील, मजेत येतील. फुकट."

बाईंचा जीव भांड्यात पडला. पण बाकीचे पालक खाली मान घालून बसले. हेडमास्तर दत्तात्रय सर उगाच कागद चाळू लागले. भिवाजी उभा राहिला.

"पोरी बसनंच जातील."

पुंडलिकराव हसले. "भिवाजीभाऊ, तुमची पोरगी तं संघातबी नाई. मागच्या साली नववीत, औंदाबी नववीत. मुक्कामच ठोकला तिनं. तुमाले काहून बसची पडली?"

कोणी हसलं नाही. भिवाजीनं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

"कमी पडत असन तं मी आखीन दोन झाडं सोडतो," तो म्हणाला. "पोरी बसनंच जातील."

मग लोधीखेड्याच्या यशवंतरावांनी एक झाड वाढवून दिलं. त्यांच्यामागून आणखी एकानं, मग आणखी एकानं. पावसाच्या सरीसारखी झाडं सुटत गेली. शेवटी पुंडलिकरावही ओशाळून म्हणाले, की झाडं नसली तरी पेट्यांचं लाकूड आपल्याकडून. बसचं पक्कं झालं.

बाईंच्या डोक्यातून मात्र छाया जाईना. पोरीला त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. नापास झाल्यावर पोरी लाजेनं घरी बसत, नाव तेवढं शाळेत राही, हे त्यांना ठाऊक होतं. त्या स्वतः नववीत नापास झाल्या होत्या. तेव्हा एक बाई घरी येऊन त्यांना हाताला धरून परत घेऊन गेल्या, म्हणून तर त्या आज इथं होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडमास्तरांना विचारलं, की बापानं एवढं केलं, तर त्या पोरीला वर चढवता येणार नाही का?

दत्तात्रय सरांनी नववीच्या हजेरीपटावर हात ठेवला.

"तिचं नाव नववीतच राहू द्या, बाई," ते म्हणाले.

बाईंना तो माणूस दगडाचा वाटला.

संघात पोरी बारा लागतात, नऊ खेळणाऱ्या आणि तीन राखीव. बाईंनी अकराच निवडल्या. रविवारी बारा नंबरचा पांढरा टी-शर्ट पिशवीत घालून त्या मोहगावला गेल्या. भिवाजी पेट्या घेऊन पांढुर्ण्याला गेला होता. घरी त्याची बायको प्रेमलता होती. तिनं बाज टाकली, पाणी दिलं, चुलीवर चहा ठेवला.

बाई येताना पाठ करून आल्या होत्या ते सगळं बोलून गेल्या. नापास होण्यात लाज कसली, मीसुद्धा झाले होते. तिला रागावू नका. नुसती माझ्याबरोबर पाठवा, पुढचं मी पाहते. तुमच्या घरच्यांनी साऱ्या शाळेच्या पोरींसाठी केलं, त्यांची पोर मागं राहायला नको.

प्रेमलतेनं टी-शर्ट मांडीवर पसरला. वीत टाकून खांदा मोजला. चहा उतू गेला तरी ती उठली नाही.

"बसनंच नेता ना, बाई?"

"हो. बसनंच."

"मंग खिडकीजवळची जागा ठेवजा. तिले खिडकी लागते."

बाई समाधानानं हसल्या. प्रेमलतेनं टी-शर्टाची घडी घातली आणि ती बगीच्यात गेली. पहिल्याच झाडाला रिबीन होती, उन्हानं विटून पार गुलाबी झालेली. तिच्याखाली तिनं घडी ठेवली.

छाया भिवाजी ढोके, इयत्ता नववी, २२ नोव्हेंबर १९८१ रोजी पांढुर्ण्याहून खो-खोचा सामना जिंकून परत येताना, कापसाच्या ट्रकवरून पडून वारली.