चंद्रीचे सासर

चंद्रीची पणजी गोदी, आजी काळुंद्री, आई बिजली. या तिघी मांजरींनी आमच्या माळ्यावर उंदराला कधी थारा दिला नाही. मूळ गोदी मात्र शेजारच्या शेवंताबाई धुरींची. वीस वर्षांपूर्वी उंदीर माझे बियाणे फस्त करीत असताना त्यांनी ती न मागता माझ्या ओटीत घातली होती.

यंदा पेरणीला आठ दिवस उरले असताना त्यांची सून दारात आली. “काकी, पेंढ्यात बांधलेल्या भाताच्या दोन मुड्या उंदरांनी फोडल्या. उरलेले बियाणे गेले, तर पेरायचे काय?”

मी चंद्रीला पोत्यात घालून पाठवले. संध्याकाळी ती आमच्या चुलीपाशी हजर. दुसऱ्या दिवशीही तेच घडले.

“काकी, तुमची लेक काही सासरी नांदत नाही,” सून म्हणाली.

चूक माझी होती. चंद्रीची तीन पिल्ले मी मागे ठेवली होती. लेकुरवाळीला एकटी धाडतात का? तिन्ही पिल्ले टोपलीत घेऊन मी स्वतः गेले आणि त्यांच्या माळ्यावर, मुड्यांच्या शेजारी ठेवली. मागोमाग आलेली चंद्री मग तिथून हलली नाही. पिल्लांच्या आसपास आलेला एकही उंदीर जिवंत परतला नाही.

पेरणी झाली. शेवंताबाई म्हणाल्या, “आता चंद्रीला न्या. निदान एक पिल्लू तरी.”

“गोदी दिलीत, तेव्हा तुमच्या घरात दुसरे मांजर होते का?”

“नव्हते,” म्हणत त्यांनी रिकामी टोपली माझ्या हाती दिली. मी ताठ मानेने घरी आले. वीस वर्षांचे ऋण पुरते फिटले होते.