वारुळावरची अळंबी

सासऱ्यांनी टोपलीतली अळंबी केळीच्या पानावर ओतली, तशी तिनं रांगत्या रेवाला आधी कडेवर उचलून घेतलं.

“घे सूनबाई, वारुळावरची आहे. श्रावणात हेच आपलं मटण!” भाऊ हसले.

अळंबी ओळखायचा नाद तिला त्यांनीच लावला होता. “पुस्तकं ठेव बाजूला. खणून मूळ बघ. वारुळात खोल गेलेलं असेल तरच चुलीवर चढव,” असं ते शिकलेल्या सुनेला चिडवत सांगायचे. तरीही तिला राहवायचं नाही. दर वेळी एका अळंबीची छत्री ती पांढऱ्या कागदावर रात्रभर उपडी ठेवायची. सकाळी कागदावर छत्रीतून गळलेली फिकट गुलाबी भुकटी दिसायची, म्हणजे खायची अळंबी. भाऊ कधीच चुकले नव्हते.

आज मात्र एकीलाही मूळ नव्हतं. देठ वरच्यावर कापलेले होते. “उद्या करते,” म्हणत तिनं एक छत्री कागदावर ठेवली.

सकाळी भुकटी हिरवी पडली होती. म्हणजे विषारी. तिनं तो कागद त्यांच्यापुढे धरला.

“कुठल्या वारुळावर मिळाली, भाऊ?”

ते कागदाकडे बघत राहिले. “वारूळ होतं का गं तिथं? आठवत नाही. परवा घरची वाटसुद्धा दुसऱ्याला विचारली मी.”

रेवा त्यांच्याकडे झेपावली. त्यांनी हात पुढे केले नाहीत. “पोरी, यापुढे मी हिच्या हातात काही दिलं, तर आधी तू बघत जा.”

‘असं काय बोलता, भाऊ?’ असं तिनं म्हणायला हवं होतं. तिनं नुसती होकारार्थी मान हलवली.